उपकरण आणि परिग्रह

गरजेपलीकडे संग्रह न करणे, म्हणजे अपरिग्रह, हा पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यमांपैकी शेवटचा यम असून जैन महाव्रतांतही त्याचे स्थान पाचवे आहे. मात्र जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तू किती असाव्यात हे न सांगता मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची ममत्वबुद्धी, हेच त्याचे स्वरूप मानले. म्हणूनच वस्त्राचाही त्याग करणारे दिगंबर मुनी जीवरक्षेसाठी मोरपिसांची पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र जवळ बाळगतात, आणि या तिन्हींना परिग्रह न म्हणता उपकरण म्हटले जाते.

लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीची किमान मांडणी, म्हणजे संगणक सुरू होऊन लिखित आज्ञा स्वीकारील एवढीच प्रणाली, उभी करून पुढचे एकेक सॉफ्टवेअर स्वतः निवडणाऱ्याला हाच भेद करावा लागतो. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स-वितरणात ‘अ‍ॅप्ट’ हे साधन प्रत्येक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक गठ्ठा, वापरणाऱ्याने मागितले की दुसऱ्या पॅकेजच्या गरजेपोटी आपोआप आले, याची नोंद ठेवते, आणि ज्याच्यासाठी ते आले तेच काढून टाकले गेले व अन्य कोणालाही त्याची गरज उरली नाही, तर ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने तेही काढता येते. ही व्यवस्था खरोखर सुंदर आहे, कारण तिच्यात प्रत्येक वस्तूच्या असण्याला कारण लागते. परंतु ते कारण अवलंबनाचे असते, प्रयोजनाचे नव्हे. एकदा मागितलेले आणि पुढे कधीच न उघडलेले पॅकेज त्या नोंदीत ‘मागितलेले’ म्हणूनच राहते, आणि त्याची गरज संपली हे ठरवण्याचे काम माणसाकडेच उरते.

पॅकेजांची संख्या घटवत नेणे म्हणजेच अपरिग्रह, असे मानणे मात्र चुकीचे आहे, कारण आपल्या यंत्रावर इतरांपेक्षा कमी पॅकेजे आहेत या अभिमानातही मूर्च्छाच असते. डेबियनच्या ‘स्लिम’ नावाच्या कंटेनर-प्रतिमांतून, म्हणजे एखादा प्रोग्राम वेगळा चालवण्यासाठी बांधून दिलेल्या तयार प्रणालींतून, आकार कमी करण्यासाठी आज्ञांची माहिती देणारी मार्गदर्शक पाने वगळलेली असतात, आणि जिथे माणूस बसून काम करीत नाही तिथे ते योग्यही आहे; पण स्वतःच्या रोजच्या संगणकावरून थोडी जागा वाचवण्यासाठी ती पाने पुसणारा नेमके ज्ञानाचे उपकरण टाकून देतो. किमान मांडणीतही ती पाने ठेवलीच पाहिजेत.