वाळूची साक्ष

भारजा नदी केळशीत समुद्राला मिळते, तिथे मुखाशी वाळूची एक टेकडी आहे. माडाएवढी उंच. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून मांडणी केली की, ही वाळू वाऱ्याने कणाकणाने साठलेली नाही, 1524 च्या त्सुनामीने ती इथे आणून टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाची गलबते दाभोळच्या जवळपास असताना समुद्र एकाएकी हादरल्याची नोंद पोर्तुगीजांनी करून ठेवली आहे. डॉ. मराठे यांचे म्हणणे सगळ्याच भूशास्त्रज्ञांना मान्य नाही. पण वाद आहे म्हणून साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढायचे नसते, त्याची उलटतपासणी करायची असते.

मला हा साक्षीदार महत्त्वाचा वाटतो तो जैतापूरच्या अणुप्रकल्पामुळे. केळशीच्याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर, 1650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांची मूळ योजना आहे. 9900 मेगावॉट, 938 हेक्टर जमीन. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सशी करार झाला आणि तीन महिन्यांनी जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला.

फुकुशिमाचा दोष नुसत्या भूकंपाच्या माथी मारता येत नाही. भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. पण अणुभट्टी चुलीसारखी विझत नाही. बंद केल्यावरही सुरुवातीला तिच्या एकूण उष्णतेपैकी सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते. जैतापूरच्या एका भट्टीच्या हिशेबाने ती सुमारे 300 मेगावॉट भरेल. ती काढून न्यायला पाणी लागते आणि पाणी खेळवायला वीज. फुकुशिमाची संरक्षक गणिते साडेपाच-सहा मीटरच्या लाटेची होती. आली चौदा-पंधरा मीटरची, आणि तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले. इसवी सन 869 मधल्या जोगान त्सुनामीने आत खोलवर आणलेली वाळू सेंदाईच्या शेतांखाली संशोधकांना आधीच सापडली होती, तसा इशाराही दिला गेला होता. ओनागावाचे अणुकेंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. पण वीज कंपनीतले यानोसुके हिराई जुनी लाट विसरले नव्हते. त्यांनी आग्रह धरून ते 14.8 मीटर उंचीवर बांधायला लावले. केंद्र सुखरूप राहिले. घरे गेलेल्या तीनशेवर गावकऱ्यांनी त्या अणुकेंद्रातच आसरा घेतला.

म्हणून मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. एक युनिट वीज करताना कोळसा आठशे ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. खाणीपासून मोडणीपर्यंतचा सगळा हिशेब धरला तरी अणुवीज बाराच्या आसपास. तेवढ्याच क्षमतेच्या सौर पट्ट्यांना पंधरा-वीस हजार हेक्टर जमीन लागेल, आणि वीज मिळेल ती दिवसापुरतीच. कोकणात एवढी सपाट जमीन आहे कुठे? तारापूरचे अणुकेंद्र 1969 पासून वीज देत आहे. माडबनचा सडाही समुद्रसपाटीपासून सुमारे पंचवीस मीटर उंच आहे, हा त्या जागेचा खरा गुण आहे.

पण गार करायचे पाणी समुद्रातूनच यायचे, म्हणजे ते ओढण्याची सोय खाली किनाऱ्याशीच राहणार. आणि पंपांना बाहेरून वीज आणणाऱ्या तारा? 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. केळशीकरांनी ते दिवस कंदिलाच्या उजेडात काढले. अणुभट्टीला तशी सवड नसते. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न याहून लांबचा. ते हजारो वर्षे सांभाळायचे आहे आणि त्याचा कायमचा ठाव अजून आपल्याकडे ठरलेला नाही.

18 एप्रिल 2011 ला साखरी नाट्यात प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक मच्छीमार गेला. समुद्राबद्दल ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, त्यांच्याशी बोलण्याऐवजी बंदोबस्त पाठवला गेला, हे मला आजही क्षमा करण्यासारखे वाटत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. जैतापूरसाठी किती मीटरची लाट धरली, कोणत्या जुन्या थरांवरून धरली, तारा पडल्या तर पंप किती दिवस चालतील आणि वापरलेले इंधन कुठे जाईल, हे सरकारने मराठीत छापावे आणि माडबन, मिठगवाणे, साखरी नाटे इथल्या ग्रामसभांत वाचून दाखवावे. किनाऱ्यावरचे जुने थर स्वतंत्र भूशास्त्रज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यावेत. तोवर सड्यावर एकही पाया खणू नये. आणि केळशीकरांनो, ती टेकडी कुणाला कापू देऊ नका, तिची तपासणी अजून पुरी झालेली नाही.