अश्रू सुराचे की सत्याचे?

गेल्या रमजानमध्ये भुसावळच्या आमच्या मशिदीत तरावीहनंतर एका तरुणाने मला थांबवून विचारले, "मौलाना, तिलावत ऐकताना मला रडू येते, पण अरबी तर मला कळत नाही. मग हे रडणे ईमानाचे की नुसत्या आवाजाचे?" त्या रात्री मी उत्तर टाळले.

हा प्रश्न जगाला जुना आहे. भावना हेच संगीताचे सार आहे काय? आपल्याकडील रसपरंपरेने स्वरांचे नाते थेट रसांशी जोडले. उलट १८५४ साली व्हिएन्नाचे समीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांनी प्रतिपादन केले की, संगीताचे सौंदर्य स्वरांच्या रचनेतच असते. भावना जागवणे हे त्याचे सार नव्हे. महाराष्ट्रात या दोन्ही बाजू एकाच गळ्यात नांदल्या. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या स्वरांचा आधार देवल व क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला मिळाला. म्हणजे तो सूर मोजला गेला, आणि त्याच सुराने श्रोत्यांना व्याकूळही केले. श्रुती मोजता आल्या; व्याकुळता मात्र ऐकणाऱ्याच्या अंतरंगात होती.

वाद्यांच्या वैधतेविषयी आलिमांत मतभेद आहेत. तो आजचा विषय नाही. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअ आणि वज्द यांचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यांच्या मते सूर अंतःकरणात नवे काही घालत नाही. तेथे जे आहे त्यालाच तो हलवतो. उंटसुद्धा हुदीचे गाणे ऐकून ओझे विसरतो, असे ते नमूद करतात. तेव्हा केवळ हेलावून जाणे हे ईमानाचे प्रमाण कसे ठरेल?

म्हणून सुंदर आवाज त्याज्य ठरतो असे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या कंठाची तुलना हजरत दाऊद (अलै.) यांच्या सुरेल देणगीशी केली होती. परंतु सूरह अल-माइदाच्या ८३ व्या आयतीत ज्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहतात, त्यांच्या अश्रूंचे कारण स्पष्ट सांगितले आहे: त्यांनी सत्य ओळखले. आधी ओळख, मग अश्रू.

आता मी उत्तर का टाळले ते सांगतो. त्या रात्री माझा आवाज चांगला लागला होता. मागच्या सफांतील हुंदके ऐकून मी मनोमन सुखावलो होतो. सुरात अडकलेला पहिला माणूस मुसल्ल्यावर मीच होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मराठी अनुवाद घेऊन बसलो. अनाथांचे धन खाणारे आपल्या पोटात आग भरतात, या सूरह अन-निसाच्या दहाव्या आयतीशी तो थांबला. आदल्या रात्री हीच आयत ऐकून तो रडला होता. आता त्याचे डोळे कोरडे होते. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "मौलाना, माझ्या मरहूम चुलत्यांच्या मुलांचा वाटा आमच्याकडेच आहे. तो परत कसा करावा?"

अल्लाह आम्हाला सुरापलीकडचे ऐकण्याची तौफीक देवो, आणि त्याचा आरंभ इमामापासून करो. आमीन.