आपलाच अहवाल तपासणारा माणूस

सरकारी आयोगाचा अहवाल एकदा मंत्र्यांच्या हाती पडला, की तो लिहिणारे मोकळे होतात. जे. पी. नाईक मोकळे झाले नाहीत. १९६४ ते ६६ या काळात ते कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. पुढे आयुष्याच्या उतरणीला त्यांनी त्याच अहवालाची झडती घेतली. कोणत्या शिफारशी मान्य झाल्या, कोणत्या फेटाळल्या गेल्या, कोणत्या कागदावरच राहिल्या आणि आयोग स्वतः कुठे कमी पडला, हे त्यांनी लिहून काढले. १९८१ मध्ये नाईक गेले. ‘द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ हे त्यांचे झडतीचे पुस्तक १९८२ मध्ये आले.

नाईक मूळचे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. शेजारच्या भुदरगड तालुक्यात, गारगोटीला, त्यांनी १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभे केले. शाळा, शिक्षकांचे प्रशिक्षण, उच्च शिक्षण आणि आसपासच्या खेड्यांतले काम एकमेकांना जोडून पाहायचे, असा तो प्रयोग होता. संस्थेला नाव दिले पाटगावच्या मौनी महाराजांचे. परंपरेला धरून प्रयोग करता येतो, हे त्यांनी भाषण न देता दाखवले.

आपलेच काम तपासून पाहण्याच्या या स्वभावामागचे तत्त्वज्ञान पाहायचे तर कार्ल पॉपरकडे वळावे लागते. व्हिएन्नात १९०२ मध्ये जन्मलेल्या पॉपरला तरुणपणी एक प्रश्न पडला: विज्ञान कशाला म्हणायचे? १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या निरीक्षणांनी आइन्स्टाइनचे भाकीत खरे ठरवले. पॉपरला मोह पडला तो त्या भाकितातल्या जोखमीचा. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश सांगितल्याइतका वळला नसता, तर सिद्धांत कोसळला असता. उलट काहीही घडले तरी ‘मी म्हणतच होतो’ असे सांगणारा सिद्धांत कधीच हरत नाही, म्हणून तो विज्ञानही ठरत नाही. नवसाला न पावलेल्या देवाच्या बाजूने भगताकडे नेहमीच एक कारण तयार असते, तसेच हे.

हाच निकष पॉपरने राज्यव्यवहाराला लावला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा तो न्यूझीलंडमध्ये शिकवत होता. तिथे लिहिलेला ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य कोणी करावे, हा प्लेटोपासूनचा प्रश्न त्याने बाजूला सारला आणि विचारले: वाईट राज्यकर्ते रक्तपाताशिवाय हटवता येतील, अशी सोय कशी करायची? समाज एका झटक्यात नव्याने घडवण्याऐवजी थोडे बदलावे, परिणाम पाहावा, चुकले तर मागे फिरावे, असा त्याचा आग्रह होता.

महाराष्ट्राने हे एकदा करून पाहिले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही रोजगार हमीची कल्पना १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात अजमावली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आधी तालुका, मग राज्य, शेवटी कायदा, हा क्रम आपण नंतर किती योजनांत पाळला?

पॉपरवर आक्षेप आहेतच. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कून याने १९६२ मध्ये दाखवले, की शास्त्रज्ञसुद्धा रूढ चौकट सहजासहजी सोडत नाहीत. आपल्याकडचा आक्षेप आणखी टोकदार आहे. टीका करायला सर्वांना सारखी मुभा आहे, हे गृहीत धरून खुल्या समाजाची मांडणी होते. ज्या गावात कोणी कुठे बसायचे हे जातीने ठरते, तिथे प्रश्न विचारणारा आधी आपला हिशेब करतो. २०१३ मध्ये पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून विवेक हा एकट्यादुकट्याच्या धैर्यावर सोडून चालत नाही. चूक दाखवणाऱ्याला संरक्षण देणारी व्यवस्था लागते.

त्या व्यवस्थेचे सुटे भाग आपल्याकडे आहेत. वैज्ञानिक दृष्टिकोन १९७६ पासून घटनेत मूलभूत कर्तव्य आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण कायद्याने आले. कमी आहे ती वापराची सवय. कोठारी आयोगाने १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करायला सांगितले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पुन्हा तोच सहाचा आकडा आहे. मधल्या काळात काय चुकले, याचा जाब द्यायला कोणी बांधील नव्हते.

विज्ञानाचे तास वाढवून विवेकी समाज तयार होत नाही. आपल्या निर्णयाचा निकाल आधी ठरवलेल्या कसोटीवर तपासायला तयार असलेल्या संस्थांतून तो तयार होतो. ग्रामपंचायत असो, साखर कारखाना असो वा शाळेची व्यवस्थापन समिती, पुढच्या सभेला जाल तेव्हा नवा ठराव मांडण्याआधी गेल्या वर्षीच्या ठरावाचे काय झाले ते विचारा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.