सेवा, साक्ष आणि पाहुणचार

बेळगावच्या पूर्वेस असलेल्या एका लहानशा खेड्यातील ख्रिस्ती मंडळीकडे दोन वर्षांपूर्वी हैदराबादहून दहाबारा तरुणांचा एक जथा आठ दिवसांसाठी आला होता. तेथील पाळकसाहेबांशी आमचा जुना स्नेह असल्यामुळे शेवटच्या दिवशीच्या उपासनेस व जेवणास आम्हांसही बोलावणे होते. तरुणांनी आठ दिवसांत पुष्कळ काही केले होते. त्यांनी बालवाडीच्या भिंतींस रंग दिला, चर्चच्या आवारातील तुंबलेले गटार मोकळे केले आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. रविवारी एकेकाने उभे राहून आपल्या श्रद्धेची साक्ष दिली. पाळकसाहेबांची कन्या ती मराठीत सांगत होती. जेवणाच्या पंगतीत आमच्या शेजारी एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी त्या मुलांकडे मोठ्या मायेने पाहिले आणि म्हणाल्या, "पोरं गुणाची हायत. पण आमचा रंगारी आठ दिस घरात बसून होता की."

त्या वाक्यात तक्रार नव्हती. घरातील लेकराने पाणी आणताना घागर हिंदकळली, तर आजी जसे बोलेल तसा तो स्वर होता. तथापि ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आणि त्याच्या मागोमाग एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. सेवा करणाऱ्याने सेवेबरोबर आपली श्रद्धाही सांगावी काय? सांगितली तर ती सेवा सेवाच राहते, की तिचे आमिष होते?

या प्रश्नाची कायद्याची बाजू आपल्याकडे बरीच चर्चिली गेली आहे. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य दिले. जुन्या मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा मिशनऱ्यांच्या कार्याविषयीचा अहवाल 1956 साली प्रसिद्ध झाला. 1968 साली त्या राज्यात धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा आला. आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निवाडा दिला. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांस हे सारे ठाऊकच आहे. आम्ही ती बाजू येथे सोडून देतो. बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांना कायदा हात घालू शकतो. संकोचासाठी मात्र कलम नाही. ज्याच्या आजारी मुलास कोणी औषध दिले, तो गृहस्थ त्यानंतरच्या प्रार्थनेच्या वेळी उठून जात नाही. त्याला कोणी बसविलेले नसते. त्याला उठवत नाही, इतकेच. नीतीचा प्रश्न या न उठवण्यापाशी सुरू होतो.

लूककृत शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. येशूने दहांनाही बरे केले. परतून आभार मानावयास एकच आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले खरे. त्या प्रश्नात विषाद आहे हे कोणीही मान्य करील. परंतु नवांचा रोग त्यांच्या अंगी परत आला, असे कथेत कोठेही नाही. दिलेले आरोग्य दिलेलेच राहिले. आमच्या मते सेवेची कसोटी या नऊ जणांपाशी आहे. जो ऐकणार नाही, मानणार नाही, ओळखही दाखविणार नाही, त्याच्यासाठी आपला हात पुढच्या खेपेस तितक्याच सहजपणे पुढे होतो काय? होत असेल, तर मग तोंडाने श्रद्धा सांगितली काय आणि न सांगितली काय, त्या सेवेस बट्टा लागत नाही.

हे लिहिणे सोपे आहे. व्यवहारात ते किती अवघड होते याचे उदाहरण पुण्यातच घडून गेले. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. पैसा अमेरिकेतील मंडळाचा होता. अट अशी होती की, सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही. रमाबाई स्वतः 1883 साली ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. त्या आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत. मात्र दार उघडे असे. काही मुली त्या उघड्या दारातून आत येऊन बसू लागल्या. गावभर बोभाटा झाला, 'केसरी'ने कडक टीका केली, आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून आपले अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

चूक कोणाची? आम्ही या प्रकरणाचा विचार जितक्या वेळा केला, तितक्या वेळा आमचा कौल बदलत गेला. दार लावून घ्या असे रमाबाईंना सांगणे म्हणजे, तुमचे अर्धे मन उंबरठ्याबाहेर ठेवा आणि उरलेल्या अर्ध्याने मुलींवर माया करा, असे सांगणे होय. अशी माया कोणास करता येईल? उलट रानड्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आईबापांनी एका शब्दावर विश्वास ठेवून मुली पाठविल्या होत्या. आणि त्या मुली कोण? बहुतेक बालविधवा, ज्यांना जगात दुसरे दारच नव्हते. दहा दारांतून एक निवडणारा मनुष्य आणि एकुलत्या एक उघड्या दारातून आत येणारी मुलगी, या दोघांच्या 'इच्छे'स आपण एकच शब्द वापरतो, पण त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. येथवर आल्यावर आमचा कौल रानड्यांकडे झुकतो. परंतु लगेच असे मनात येते की, दुसरे दार नव्हते हा दोष रमाबाईंचा कसा? तो तर टीका करणाऱ्या समाजाचाच होता. धोंडो केशव कर्वे यांनी ते दार 1896 साली उघडले. त्या आधी, 1893 सालीच, त्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, आणि गोदूबाई शिकल्या होत्या त्या शारदा सदनात. त्या हिंदूच राहिल्या. नवांपैकी एक, असे म्हणावयास हरकत नाही. आणि त्यांना मिळालेले शिक्षण कोणी परत मागितले नाही.

येथवर आम्ही घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार केला. त्या वृद्ध बाईंच्या बोलण्यात मात्र आणखी एक गोष्ट होती. आलेले तरुण ज्यांच्याकडे आले ती मंडळी आधीच श्रद्धावान होती, आपल्या गावात आपल्या परीने सेवाही करीत होती. तेव्हा बाहेरून येणाऱ्याचे तेथे नाते कोणते? दात्याचे की पाहुण्याचे?

याच शुभवर्तमानात येशूने सत्तर जणांना गावोगाव पाठविल्याचे वर्णन आहे. थैली नको, झोळी नको, पायतणही नको. ज्या घरी उतराल तेथेच राहा आणि पुढे वाढतील ते खा, अशी ती आज्ञा. म्हणजे सुवार्ता सांगणारा दारात उभा राहतो तो उपाशी आणि परावलंबी म्हणून. आजचा जथा रंगाचे डबे घेऊन येतो. डब्यांस आमचा विरोध नाही. पण देणाऱ्याचा हात भरलेला असला की घेणाऱ्याच्या हातातील भाकरी त्याला दिसत नाही.

गोमंतकीय वाचकांस येथे फादर स्टीफन्सची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली गोव्यातच वारला. तो आधी इथली भाषा ऐकावयास बसला. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापले गेले. कोंकणीचे त्याने केलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली बाहेर आले. पुराणाची भाषा मराठी किती आणि कोंकणी किती, हा वाद या मासिकाच्या वाचकांस नवा नाही, तो आम्ही येथे उकरीत नाही. चाळीस वर्षे आणि आठ दिवस यांची तुलना कोणीही करील. पण त्या चाळीस वर्षांचे नुसते गोडवे गाणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या सासष्टीत स्टीफन्स ओव्या रचीत होता, तेथील देवळे 1567 साली जाळली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीस रक्त सांडले होते. आणि ज्या लोकभाषेचे त्याने व्याकरण लिहिले, तीच सोडून द्या असा हुकूम 1684 साली व्हाइसरॉयने काढला. ज्या पाहुण्याच्या पाठीशी सत्ता उभी असते, त्याला यजमान 'नको' कसे म्हणणार? आठ दिवसांच्या पोरांपाशी निदान ती सत्ता नव्हती. त्यांच्यापाशी पैसा होता, आणि पैशाचेही वजन असतेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे वजन आयुष्यभर टोचत राहिले. 1917 साली त्यांनी मिशनशी असलेला संबंध सोडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांसाठी 'देवाचा दरबार' उघडला. दोन वर्षांत ते गेले.

मग अशा जथ्यांनी येऊच नये काय? प्रवासाला लागलेले पैसेच मंडळीला पाठविले असते तर रंगाऱ्यास मजुरी मिळाली असती आणि गटारही निघाले असते, असा हिशेब आम्ही पाळकसाहेबांपुढे मांडला. आम्हांला तो बिनतोड वाटत होता. पाळकसाहेब हसले. म्हणाले, "पैसे आले असते तर ते वहीत जमा झाले असते. पोरे आली म्हणून आमच्या बायकांनी आठ दिवस भाकऱ्या भाजल्या. आमच्याकडून काही घेण्यासारखे आहे असे या लोकांना वाटावे, असे प्रसंग वर्षात कितीसे येतात?"

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. ज्यांना सदैव घ्यावेच लागते त्यांना देण्याची जी भूक असते, ती आमच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. त्या तरुणांच्या साक्षी आम्हांस आता फारशा आठवत नाहीत. त्यातील एक मुलगा चुलीपाशी बसून भाकरी थापावयास शिकत होता, आणि त्याची प्रत्येक भाकरी फाटत होती, आणि साऱ्या बायका हसत होत्या, तेवढे मात्र लख्ख आठवते. त्या घटकेला कोण कोणाची सेवा करीत होते हे सांगणे कठीण होते.

त्या जथ्याचे पुन्हा येण्याविषयी पत्र आले आहे. पाळकसाहेबांनी उलट टपाली कळविले की, रंग आणू नये. दोघांतिघांनीच यावे, महिनाभर राहावे, थोडी मराठी शिकावी आणि गावातील अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपाशी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, दुपारचे बसावे. हे लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. चर्चच्या खिडक्यांस पावसाळ्यानंतर रंग द्यावयाचा आहे. ते काम रंगाऱ्यास सांगून झाले आहे.