गळ्यात तुळस, गालात खर्रा

संतसज्जनहो, ‘व्यसन’ हा शब्द संस्कृतातला. ‘वि’ उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे हा धातू. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन. कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राजाच्या व राज्याच्या व्यसनांसच दिले आहे. जिथे राजे फेकले गेले, तिथे आपली काय कथा!

कोणी वारकरी म्हणेल, “बुवा, हे आम्हांस कशाला? माळ घातली त्या दिवशीच मद्यमांस सुटले.” सुटले, धन्य आहे. पण खिशातली ती पन्नी कसली? आमच्या नागपुराकडे हे विचारावेच लागते. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेला खर्रा इथे पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. आषाढीला धापेवाड्यास, विदर्भाच्या पंढरीस, जायचे, चंद्रभागेत स्नान करायचे, अन् देवळाच्या पायरीशी पिचकारी टाकून दर्शनास उभे राहायचे! एकादशीला कोणता पदार्थ चालतो यावर आपण वाद घालतो. खर्रा चालतो काय, हे कोणी विचारीत नाही.

“खर्रा म्हणजे काही दारू नव्हे,” असे म्हणतात. ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2003 साली ठरविले की, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठरते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. मग घास घ्यावा कसा, अन् अभंग म्हणावा कसा? आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का, ते आजच पाहा. जात नसतील तर शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवा. सरकारने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पण मनाने बंदी घातली नाही, तर हात पुन्हा पन्नीकडे जातोच.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवून गावोगाव व्यसनमुक्ती सांगितली. आज त्यांच्याच नावाचे कर्करोग रुग्णालय नागपुरात आहे. त्यांचे बोल ऐकायचे नाहीत, आणि शेवटी त्यांच्या नावाच्या दारी रोगी होऊन जायचे, हे बरे काय?

याहून मोठी गोष्ट लेकरांची. आजोबा नातवाला म्हणतात, “जा बापा, ठेल्यावरून एक खर्रा आण.” पोर धावत जाते. ती वाट त्याला आपणच दाखविली. उद्या त्याच वाटेवर कोणी त्याच्या हातात गांजाची पुडी नाहीतर ‘एमडी’ म्हणतात ती मेफेड्रोनची भुकटी ठेवील. ती झोप उडविते, भूक मारते, बुद्धी भ्रमिष्ट करते. तेव्हा “नको म्हण, बाळा” असे सांगायला आजोबांचे तोंड मोकळे नको काय?

तर मग सुटावे कसे? तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते, जीव घाबरतो. काही आठवड्यांत हे ओसरते. तेवढे दिवस तलफ आली की पाणी प्यावे, टाळ हाती घ्यावा, नाम घ्यावे. औषधाची लाज धरू नये. नाम आणि वैद्य यांचे वैर नाही. सरकारचा 14446 हा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी आहे, त्यावर विचारावे. रोज दारू पिणाऱ्याने मात्र ती वैद्याच्या सल्ल्यानेच सोडावी. एकाएकी सोडल्यास जिवावर बेतू शकते.

येत्या एकादशीस पन्नी देवापुढे टाका आणि नातवाला शेजारी बसवून हरिपाठ म्हणा. मोकळ्या मुखाने म्हणा.

रामकृष्णहरि!