छप्पर कोणासाठी?

सत्ता सभा बंद करते तेव्हा माणसे प्रार्थनास्थळात जमतात. निजामी राजवटीत परभणी जिल्ह्यानेही हे पाहिले. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’मुळे हैदराबाद संस्थानात सरकारी परवानगीशिवाय सभा घेता येईना. मग गणेशोत्सवाचे मांडव आणि आर्य समाजाची मंदिरे लोकजागृतीची ठिकाणे झाली. बोलायला जागाच नसेल, तर देवाच्या दारी बोलावे, ही लोकजागृतीची पहिली पायरी.

दुसरी पायरी परतूरला दिसली. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या या गावी १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि लोकांचे प्रश्न उत्सवाच्या आडोशाशिवाय मांडले गेले. पण १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये तिने सत्याग्रह सुरू केला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभाही लढ्यात उतरल्या. आर्य समाजाच्या हाकेला ओ देऊन हजारो लोक तुरुंगात गेले; त्यांचा त्याग मोठाच होता. मात्र नागरी हक्कांची मागणी आणि धर्माची मागणी एकमेकींत मिसळली, आणि सारा लढा जातीय आहे असे म्हणायला सरकारला वाव मिळाला. डिसेंबरमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला.

या अनुभवातून एक भेद स्पष्ट झाला. धर्म आसरा देऊ शकतो. लढा कोणाचा, हे मात्र त्याने ठरवू नये. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः संन्यासी होते, तरी त्यांचा लढा सर्वधर्मीय प्रजेच्या जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता. भारतातील विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएब उल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. हा लढा एका धर्माचा नव्हता, याचा त्याहून मोठा पुरावा कोणता?

पूर्व जर्मनीतील लायप्झिगच्या जुन्या निकोलाय चर्चने हाच भेद कृतीत आणला. १९८२ पासून तिथे दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. धर्म न मानणारेही तिथे येत, कारण दार सर्वांना उघडे होते. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सत्ताधारी पक्षाने आपली शेकडो माणसे आत नेऊन बसवली. पाद्री ख्रिस्तियान फ्यूरर यांनी त्यांचेही स्वागत केले. त्या संध्याकाळी सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत खुली झाली.

आज सभेला मैदाने आहेत, मताला पेटी आहे. त्यामुळे देऊळ, मशीद, चर्च यांनी पक्षांचा प्रचार करण्याची गरज उरलेली नाही. पण ज्याचे ऐकणारे कोणी नाही, असा माणूस दारी आला, तर त्याचा धर्म न विचारता त्याला आत घेणे, हे त्यांचे राजकीय कर्तव्य आजही तसेच आहे. मराठवाडा ते मोठी किंमत देऊन शिकला आहे. ते विसरणे आपल्याला परवडणार नाही.