चामड्यावरचं नाव

शिरूरहून एक मुलगी लग्नाची मोजडी घेऊन आली. म्हणाली, "काका, टाचेवर विठ्ठल लिहा." मोर, कमळ, वेल मी रोज काढतो. दौंडमधल्या माझ्या दुकानात तेच चालतं. पण नाव?

आधी मोजडी पुसायला घेतली. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसानं कारखान्याची चकाकी उतरवावी लागते, तेव्हाच रंग धरतो. चामड्यासाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करून, एकावर एक तीन-चार हात द्यायचे. प्रत्येक हात वाळू द्यायचा. जाड दिला की पाऊल वाकतं तिथं, बोटांच्या मुळाशी, भेग पडते. ऑइलपेंट तर पहिल्याच आठवड्यात तडकतो.

हात वाळेपर्यंत डोकं चालतं. देवळात चप्पल बाहेर. पण तुकोबांच्या पालखीत काय असतं? पादुका! 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराजांनी त्या पालखीत ठेवल्या. आजही आमच्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून पालखी जाते, आणि लोक त्यांवर कपाळ टेकतात. भरतानं तर रामाच्या पादुका डोक्यावर घेतल्या होत्या. आणि आमचे रोहिदास महाराज जोडे शिवता शिवताच संत झाले. मग विटाळ चामड्याला की आमच्या नजरेला? मला वाटतं, नजरेला. हे मी फार सोसून म्हणतोय.

तरी टाचेवर नाव नाही लिहिलं. त्या नावावर धूळ बसेल याची भीती नव्हती. त्यावर तिचा सगळा भार पडला असता. "पोरी, तुळशीची पानं काढतो," म्हणालो. ती हसली. हिरव्याचा पहिला हात दिला.